चक्कीच्या भिंतीखालचं जांभूळ

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक लहानशी खिडकी आहे. ती बाहेर उघडत नाही, पाणचक्कीत उघडते. दळणारा जेवायला बसला तरी त्याला जात्यातलं धान्य दिसत राहावं म्हणून बांधणाऱ्याने ती ठेवली. घर आणि चक्की यांच्यात ही एकच भिंत, दोघांची मिळून. काळा दगड, चुना आणि दोन हात जाडी. त्याच भिंतीला आता वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे, आणि तो माझ्यामुळे गेला आहे.

राहात्याहून बरंच आत, पाटाच्या कडेला ही चक्की. पाटाचं पाणी दगडी बोगद्यातून चक्कीखाली शिरायचं, आडवं चाक फिरवायचं आणि पलीकडे ओढ्याला मिळायचं. चाकाचा कणा जमिनीतून वर येऊन जात्याचा वरचा दगड फिरवी. दळण चालू असलं की आमच्या चुलीवरचा तवा थरथरायचा. त्या भिंतीला आईने कधी भांड्यांची मांडणी लावली नाही. पुढे विजेची गिरणी आली आणि चाक थांबलं, तरी पाट बंद असतानाही बोगद्यात बारा महिने गुडघाभर पाणी साचून असायचंच. आप्पा, म्हणजे माझे वडील, दर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायचे. बंद चक्कीचे एवढे लाड कशाला, असं मला वाटायचं.

मी श्रीरामपूरला शाळेत विज्ञान शिकवते. आई गेल्यावर आप्पा एकटे राहिले आणि हिवाळ्यात खोकल्याने बेजार झाले. खोकला ओलीमुळे, ओल बोगद्यामुळे, असं निदान करून मी मोकळी झाले. बोगद्याचं तोंड काँक्रीटने बंद करायला माणसं आणली, तेव्हा आप्पा म्हणाले, "नको गं. भितीखाली जांभळाचं लाकूड हाय. त्याला पानी लागतं."

"आप्पा, पाण्याने लाकूड कुजतं. सहावीतल्या पोरांना विचारा."

"जांभूळ न्हाई कुजत," ते म्हणाले. मग माणसांना वाट देत, "तू शिकल्याली हाईस. कर."

त्यांचा खोकला खरंच कमी झाला. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

मग ते स्वयंपाकघराच्या जमिनीतली फळी उचलून खाली बादल्या ओतू लागले. चाकात काही अडकलं तर खाली उतरायला ती फळी होती. रोज सकाळी हापशावरून आणून चार-चार बादल्या. शेजारच्या काकूंचा फोन आला, "तुझं आप्पा भरमिष्टावानी करत्यात." शनिवारी मी एसटीने गेले ती रागातच. काकू दारात उभ्या असतानाच मी आप्पांवर ओरडले, "वेड लागलंय का तुम्हाला? परत हातात बादली दिसली तर बघा!" बापाशी असं बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. आप्पांनी बादली उपडी करून ठेवली. जाण्याआधी मी त्या फळीवर फरशी बसवून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात भिंतीला तडा गेला.

गवंड्याने फरशी उखडली आणि मला खाली उतरायला लावलं. भिंतीच्या पायात माझ्या कमरेएवढे जाड ओंडके होते, जांभळाचेच. जन्मभर पाण्यात राहिलेले ते ओंडके कोरडे पडून उलले होते. एका भेगेत माझा अख्खा पंजा गेला.

"पान्यात हुतं तवर लोखंड हुतं हे," गवंडी म्हणाला. "आता भित धरंल का न्हाई, मी न्हाई सांगू शकत."

मी तिथेच वाळक्या गाळावर बसून रडले. ज्यांच्या खोकल्यासाठी हे केलं, त्यांच्याच अंगावर ती भिंत येईल या भीतीने आता मला झोप लागत नाही.

काँक्रीट फोडून घेतलंय, भिंतीला टेकू दिलेत. पण पाटाला पाणी सुटायला अजून अवकाश आहे. श्रीरामपूरला चला म्हटलं तर आप्पा येत नाहीत, आणि त्या भिंतीलगतची खाटही हलवू देत नाहीत.

काल सकाळी मी चहा ठेवत होते. आप्पा भरलेली बादली घेऊन फळी काढलेल्या जागेपाशी उभे होते. बराच वेळ नुसते उभे. दमले असतील म्हणून बादली घ्यायला मी पुढे झाले, तसे ते एक पाऊल मागे सरले.

"वतू का गं?" त्यांनी विचारलं. "रागावनार न्हाईस ना?"