शिशाचा वाटा

आमच्या वाडीत शिमगा जवळ आला की भेकराला भेकर म्हणायचं नाही. पाव्हणं म्हणायचं. बंदुकीच्या दारूला काजळ म्हणायचं आणि छऱ्यांना जोंधळं. "काजळ वाळलं का? जोंधळं चाळलं का? पाव्हणं कुठं उतरतंय?" असं बोलणं घराघरांतून सुरू झालं की समजायचं, पारध ठरली. जनावराचं नाव घेतलं तर ते रान सोडून जातं असं म्हातारे सांगत. नाव घेतलं तर पोलीस येतात असं तरणे सांगत. खरं काय ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

हे मी लिहितेय याचं आमच्या संघटनेतल्या पोरांना नवल वाटेल. 'पारध बंद' हे पत्रक मीच लिहिलंय. शिमग्याआधी गावोगाव तेच पत्रक घेऊन आम्ही फिरतो आणि पुढच्या शिमग्यालाही फिरणार आहोत. पारध हा गुन्हा आहे. परवाना डुकरासाठी आणि बार भेकरासाठी, हा आमच्या डोंगरातला उघडा खोटेपणा आहे, आणि तो मी उघडाच म्हणणार. त्यात माझं काही बदललेलं नाही. पण शिमगा आला की माझ्या तळहातांना शिशाचा वास येतो. हात धुतलेले असले तरी येतो.

आई-वडील कामासाठी पुण्यात, म्हणून दहावीपर्यंत मी काका-काकींकडे वाढले. वेल्ह्याकडच्या पालीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. काकांना मूलबाळ नाही. घरात आम्ही तिघं, दोन म्हशी आणि एक ठासणीची बंदूक. म्हणजे पुढून, नळीच्या तोंडातून भरायची जुनी बंदूक. शेतराखणीच्या परवान्यावर आजोबांनी घेतलेली. वर्षभर ती कणगीमागं गोधडीत गुंडाळून उभी असे. शिमग्याच्या आधी काका गोधडी सोडत आणि तेलाचं फडकं मागत. तिथून आमच्या घराचा सण सुरू व्हायचा. लोकांची होळी पेटायची तेव्हा, आमची त्याच्या आधीच.

शिसं विकत मिळायचं नाही. ते जाळ्यातून यायचं. काकांचं मासे मारायचं फेकजाळं होतं, त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असत, जाळं पाण्यात बसावं म्हणून. दर शिमग्याला काका जुन्या फाटक्या जाळ्याचे मणी सोडवून घेत. चुलीवर लोखंडी पळीत ते वितळत आणि फुंकणी माझ्या हातात.

"हळू फुंक पोरी. राख उडली तर जोंधळं खडबडीत व्हत्यात."

"राख कुठं उडतीय?"

"माझ्या डोळ्यात उडतीय. हळू."

मग त्या शिशाचे बारके तुकडे सपाट दगडाखाली घोळून गोल करायचे. हे काम माझं. काकी आधीच बजावून ठेवायच्या, "माझ्या पाट्यावरवंट्याला शिसं लागलं तर दोघांनाबी त्येच शिसं घालून आमटी करीन." म्हणून काकांनी ओढ्यातून वेगळा दगड आणला होता. दुपारभर दगड फिरवला की तळहात काळेकुळकुळीत. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई विचारायच्या, हाताला काय लागलंय? मी सांगायची, जोंधळं. बाई पुण्याच्या. त्यांना वाटायचं पोरगी कसली काळी ज्वारी खाते कुणास ठाऊक.

काजळ मात्र पुण्याच्या दुकानातून परवान्यावर आणावं लागे, आणि मिळायचं तेही मोजकंच. काका ते घेऊन एसटीनं यायचे तर मांडीवर तान्हं मूल असल्यागत पिशवी धरून. शेजारी बिडीवाला बसू द्यायचे नाहीत. एकदा त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "आदी तोंडातली इजवा, मंग तिकीट फाडा." घरी आणल्यावर काजळाला ऊन दाखवायचं. ज्या दिवशी ऊन दाखवायचं त्या दिवशी आमची चूल बंद. भाकरी शेजारून यायची. शेजारची आजी टोपली देताना डोळे मिचकावून म्हणायची, "आज तुमच्यात उपास दिसतोय." सगळ्या वाडीला ठाऊक असायचं. आणि त्या एका दिवशी काकी चुलीपासून मोकळ्या. उंबऱ्यात पाय पसरून बसायच्या, माझ्या केसांत तेल घालायच्या आणि लग्नाच्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगायच्या. दर वर्षी तीच.

नवी नवरी. माहेर देशावरचं, कापूरहोळच्या खालचं. तिकडं पारध नाही. रात्री जेवताना सासरे काकांना म्हणाले, "उद्या दोन तरी पाव्हणं येतील." काकी पहाटे उठल्या. डाळ शिजवली, पुरण वाटलं, पोळ्यांची चळत केली, अंगणात सडा घातला. दुपारी माणसं आली तर काठीला उलटं टांगलेलं भेकर घेऊन.

"मी पदर सावरून पुडं झाले," काकी सांगायच्या, "आन म्हनलं, पाव्हणं कुटं हायेत? तर मामंजी त्या भेकराकडं बोट करून म्हनलं, हे काय, बसव पाटावर!"

इथं काका दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

पारध झाली की सागाच्या पानांवर वाटे पडत. देवाचा वाटा. हाका घालणाऱ्यांचे, म्हणजे रान उठवत ओरडत जाणाऱ्यांचे वाटे. कुत्र्यांचा. बंदुकीचा. आणि एक शिशाचा. ज्यानं छरे वळले त्याचा तो, मग तो रानात आलेला असो नसो. आमच्यात तो वाटा माझा. पहिल्यांदा काकांनी पान माझ्यापुढं सरकवलं तेव्हा एक जण म्हणाला, "पोरीला कसला वाटा? ती काय रानात आली हुती व्हय?"

"जोंधळं तिनं वळल्यात," काका म्हणाले. "पुढल्या साली तू वळ, तुला दीन."

तो वाटा मी घेतला. खाल्लाही. हे मी लपवून ठेवणार नाही. पण मला हवं होतं ते मटण नव्हतं. सगळ्या बाप्यांसमोर माझ्यापुढं सरकलेलं ते पान मला हवं होतं.

पुढं मी भोरला कॉलेजात गेले. त्या सुमाराला गाडीवाले यायला लागले. मोठ्या गाड्या, मोठे दिवे, दुर्बीण लावलेल्या बंदुका. त्यांना शिमगा नको, वाटे नकोत. वाडीतली पोरं हाका घालायला न्यायची आणि जनावर डिकीत टाकून पसार व्हायचं. एकदा वाटेत तपासणी झाली. गाडीवाले कसे सुटले ते त्यांचं त्यांना माहीत, हाका घालणारी दोन पोरं मात्र अडकली. त्यांच्या तारखा अजून चालू आहेत. बंदूक त्यांनी आयुष्यात हातात धरलेली नाही. ज्यांनी धरली ते आता दुसऱ्या डोंगरात जात असतील.

तेव्हा मी पत्रक लिहिलं. कुणाचीच पारध नको, गाडीची नको आणि वाडीचीही नको, कारण वाडीच्या पारधीआडच गाडी लपते. आणि शेताला कुंपण द्या, तेही सरकारनं. डुकरं भात लोळवतात, नाचणी खातात, भेकरं पावटा साफ करतात. अर्ज केला तर उत्तर येत नाही. डुक्कर सरकारचं, भेकर सरकारचं, नुकसान तेवढं आमचं. हे सगळं त्या पत्रकात होतं. पत्रक पालीच्या एसटी थांब्यावर मीच चिकटवलं.

काकांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. एक प्रत घरीही आली, ती काकींनी मोठ्यानं वाचून दाखवली. संपल्यावर काका म्हणाले, "लई चांगलं लिवलंय. कुणी लिवलं?" काकींनी सांगितलं. मग ते उठून म्हशी सोडायला गेले. पण त्या शिमग्याला त्यांनी गोधडी सोडली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पत्रकामुळं की डोळ्यांमुळं, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या निवडणुकीला नेहमीसारख्या सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. निवडणूक झाल्यावर काका परत आणायला वेल्ह्याला गेले, सोबत मी. तिथं सांगण्यात आलं, वय झालंय, नजर गेलीय, आता परवाना वारसाच्या नावावर करा, नाहीतर बंदूक इथंच राहील. काका बाहेर आले. स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. काकांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बशीकडं बघत राहिले.

"तुज्या नावावर घे."

"काका..."

"पारधीला न्हाई काडणार. तुजी आण. नुसती घरात ऱ्हाऊ दे. शिमग्याला पुसू, त्याल लावू, परत गुंडाळून ठिवू. तू न् मी."

तू न् मी. मला खरंच वाटलं, हो म्हणावं. बंदूक मला कधीच नको होती, पण ते तेलाचं फडकं, तो बंद चुलीचा दिवस, उंबऱ्यात पसरलेले काकींचे पाय, हे सगळं त्या गोधडीत गुंडाळलेलं होतं आणि काका ते माझ्या हातात देत होते.

"माज्या नावावर बंदूक आन माज्या नावाचं पत्रक," मी म्हणाले, "दोन्ही कसं चालंल काका? लोक मला दारात उबं करणार न्हाईत."

"पत्रक कागूद हाय. फाडता येतंय."

"मला न्हाई फाडता येत."

काकांनी बशी पालथी घातली. "बरं," म्हणाले. घरी आल्यावर काकींना म्हणाले, "पाव्हणीला च्या ठिव."

तेव्हापासून मी पाव्हणी. पाव्हणीला घोंगडी दे. पाव्हणी मुक्कामाला हाय का जाणार हाय? बोलण्यात राग नाही, आवाज चढा नाही. पाव्हण्याशी बोलावं तसं अदबीनं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते. मला उलट बोलता येतं, तेच तर माझं काम आहे. पण "पाव्हणी, जेवून घ्या," याला काय उत्तर देणार? मला 'पोरी' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. आई-वडील नावानं हाक मारतात.

यंदा शिमग्याला मी घरी गेले. सकाळी काका अंगणात फेकजाळं पसरून बसले होते. जाळं नवं विणलेलं, पण काठ मोकळा.

"ह्याला मणी न्हाईत," मी म्हणाले.

"शिसं हाय कुटं? सगळं जोंधळ्यात गेलं." माझ्याकडं न बघता.

कणगीमागं, बंदुकीच्या रिकाम्या जागेत काचेची बाटली होती, मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षांचे उरलेले छरे, सगळे मी वळलेले. मी बाटली आणून जाळ्याशेजारी ठेवली. काकांनी ती उचलून कानाशी हलवली. आतले छरे पावसासारखे वाजले.

"काकी," मी आत हाक मारली, "लोखंडी पळी कुटं हाय?"

"हाय तितंच हाय. माज्या पाट्याला हात लावाल तर बगा."

काकांनी पळीत छरे ओतले. फुंकणी चुलीशी होती. ती त्यांनी मला दिली नाही आणि स्वतःही घेतली नाही. मीच घेतली. शिसं वितळायला लागलं तसे ते गोल गोल छरे, माझ्या कितीतरी दुपारी, आधी चपटे झाले आणि मग एकमेकांत मिसळून गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"राख उडतीय," काका म्हणाले.

"उडतीय जरा."

"हळू फुंक."

मी थांबले. पुढचा शब्द येईल म्हणून कान लावून बसले. तो आला नाही.

दुपारभर आम्ही मणी केले आणि काठाला ओवले. उन्हं उतरताना काका वाडीखालच्या धरणाच्या पाण्यावर गेले, मी टोपली घेऊन मागं. जाळं पहिल्याच फेकीला नीट बसलं, गोल, चहूकडून एकदम. दोन-चार फेकींत बारके मासे आणि एक बरा शेंगाळा एवढंच मिळालं. परत येताना वाटेत काकांनी सागाची पानं तोडली. सागाला तेव्हा पानं कसली, जी होती ती भोकं पडलेली.

अंगणात त्यांनी पानं मांडली आणि वाटे घातले. एक देवाचा. एक घराचा. जाळ्याचा एक. मग शेंगाळा उचलून शेवटच्या पानावर ठेवला आणि ते पान माझ्यापुढं सरकवलं.

काकी दारात उभ्या होत्या. "पाव्हण्याला कुनी शिशाचा वाटा देतंय व्हय?" त्या म्हणाल्या.

काका हात धुवायला रांजणाकडं निघाले होते. पाठ आमच्याकडं.

"शिसं जो फुंकंल त्याला," म्हणाले, आणि मग पाण्याचा तांब्या भरत, "पाव्हणीला पिशवी दे. एसटीत वास मारंल."

तो शेंगाळा मी पिशवीत घातला. कापूरहोळपर्यंत शेजारची बाई पदर नाकाला लावून बसली होती. मी खिडकी उघडली नाही.