क्रूस घेऊन खाडीतून

कल्याण बंदरातून नाव सुटली तेव्हा मी इतका खुशीत होतो की, वहाणा घरीच राहिल्या हे दुर्गाडीचा बुरूज मागे पडल्यावर कळले. कारणही तसेच होते. ठाण्याच्या नव्या प्रार्थनामंदिरासाठी मी स्वतः सागवानी क्रूस घडवला होता, आणि उत्तम शुक्रवारी (प्रभूच्या मरणाच्या दिवशी) तो तिथे उभा राहायचा होता. मी सुतार, प्रभूही सुताराच्याच घरचा. मिरवू नको तर काय करू?

माझी बायको राहेल मात्र गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. हिवाळ्यात आमचे तान्हे बाळ देवीच्या साथीत गेले. आम्ही बाटलेले, म्हणून आळीतले कोणी दारात फिरकले नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले आले ते एवढेच सांगून गेले की, बाई, दुःख देव प्रेमानेच देतो. तेव्हापासून तिने प्रार्थना सोडली, बाळाचा विषयही काढू देईना. निघताना म्हणाली, "मी ठाण्याला मावशीकडेच राहीन. तुम्ही एकटे परत या." मी हसण्यावारी नेले.

नावेत बसतानाच घोळ झाला होता. मी क्रूस तळाशी निजवला, तर तांडेल (नावेचा मुख्य) हात जोडून आडवा आला.

"मिस्त्री, देव आडवा नाय नेत आमचे नावेत. आडवा मानूस नेतान, मेल्यावर."

मी पुष्कळ समजावले. तो ढिम्म. शेवटी क्रूस डोलकाठीशेजारी उभा केला आणि मी त्याला मिठी मारून उभा राहिलो. वारा सुटला तसा क्रूस एकीकडे, मी दुसरीकडे. सुकी मासळी विकणारी धोंडूबाई हसत उठली आणि तिने एक बाजू धरली. कोंबड्या घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याने दुसरी धरली. मग पालखीसारखी पाळीच लागली. जो तो दुसऱ्याला हुकूम सोडतोय, कोंबड्या ओरडताहेत. कोणीतरी क्रूसाला झेंडूची माळही घातली. आमचे पाद्रीसाहेब पाहतील तर काय म्हणतील, या विचाराने मला हसू आवरेना.

मुंब्र्याच्या डोंगराखाली सुकती (ओहोटी) लागली आणि नाव चिखलात रुतली. सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. धोंडूबाईने आम्हाला भाकरीवर जवळा (बारीक सुकी मासळी) वाढला. इतका तिखट की माझ्या नाकातोंडातून पाणी. मग क्रूसाला टेकून तिने विचारले, "ह्या देवाचा काय झाला?"

मला तेवढेच हवे होते. खिळे, काट्यांचा मुगुट, जगाचे पाप, मी सारे सांगत सुटलो. तिने मध्येच थांबवले.

"त्याला आई व्हती?"

"होती. तिथेच उभी होती."

"मंग तिचेजवल कोन व्हता?"

इतक्यांदा सांगितलेली गोष्ट, पण हे मला कोणी विचारले नव्हते.

"बायका होत्या," राहेल म्हणाली. "माझ्याजवळ कोणी नव्हते."

धोंडूबाईने क्रूस माझ्या अंगावर लोटला आणि ती राहेलशेजारी जाऊन बसली. "पोरगा का पोरगी?"

"मुलगा. शमुवेल."

दोघी पोटभर रडल्या. मग राहेल सांगू लागली, रंधा चालला की तो कसा रांगत यायचा, लाकडाची सालपटे तोंडात कोंबायचा आणि वर बापाकडेच रागाने बघायचा. सांगता सांगता तिला हसू फुटले. मीही रडत होतो, हसत होतो, आणि क्रूस पडू नये म्हणून धडपडत होतो. भरती कधी आली कोणाला कळले नाही.

ठाण्याला पाद्रीसाहेबांनी माळ मुकाट्याने काढली आणि दुःखाच्या अर्थावर लांबलचक उपदेश केला. राहेल चटईवर शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून बंदरावर गेलो, तर ही माझ्याआधीच नावेत.

"मावशी?"

"भेटले. बसा आता, अनवाणी किती हिंडाल?"

पाद्रीसाहेबांचा उपदेश मला आज कोणी विचारला तर धड सांगता यायचा नाही. परवा आमच्या आळीत परटाचे मूल गेले. आम्हाला बोलावणे कुठले असायला? राहेलने पदर खोचला आणि ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग परटीण बाहेर आली आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली.