ओके, आणि खाली माझी सही

गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या पेटीवर हिरवं स्टिकर होतं. त्यावर ‘ओके’ आणि खाली माझी सही. आतला एकही बुश बसत नव्हता. बुश म्हणजे मशिनच्या दांड्यावर चढवायची धातूची छोटी नळी.

आमचा कारखाना डोंबिवली एमआयडीसीत. मी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर. तपासणी तशी सोपी. गेज नावाची, दोन्ही टोकांना वेगळी जाडी असलेली दांडी नळीत घालायची. एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. जमलं की ओके.

हा शब्द आमच्याकडे दिवसभर चालू असतो. मशिन ओके, डबा ओके, तब्येत ओके. फोन ठेवतानाही ‘ओके ओके’. आमचे पटवर्धन साहेब तर पाहुण्यांना चहाबरोबर त्याचा इतिहासच पाजतात. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी ‘ऑल करेक्ट’ गमतीत मुद्दाम चुकीचं, ‘ओ’ आणि ‘के’ने सुरू करून लिहिलं, त्याची ही आद्याक्षरं. पुढे तारवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी ती उचलली आणि ती जगभर पसरली.

त्या दिवशी मात्र साहेबांना इतिहास सुचला नाही. त्यांनी सविताला बोलावलं. ती माझ्या टेबलावर गेज लावून मोजणी करते, मग मी सही करते; ठाकुर्लीहून येते. तेव्हा पर्मनंट झालेली नव्हती. उद्यापासून येऊ नका, साहेब म्हणाले. बिचारी परत परत सांगत होती, ही पेटी टेबलावर आलीच नव्हती. कोणी ऐकेना.

रोज सकाळी चहा पिता पिता मी स्टिकरांच्या अख्ख्या पट्टीवर सह्या करून ठेवायचे. तेवढाच वेळ वाचतो. पॅकिंगवाल्यांनी घाईत पेटी थेट मशिनवरून उचलली आणि तयार स्टिकर चिकटवलं.

“साहेब, ती खरं बोलतेय. सह्या मी आधीच करून ठेवते.”

“किती?”

“पन्नास. सकाळीच.”

साहेबांनी डोक्याला हात लावला. गेली नोकरी, मला वाटलं. पण त्यांना हसूच फुटलं. “आणि इतकी वर्षं तुम्ही मला शिस्त शिकवताय!”

शिक्षा म्हणून त्या मालाच्या उरलेल्या सगळ्या पेट्या मी स्वतः मोजल्या. बोटं दुखली, पण सविताचं काम राहिलं आणि दिवाळीनंतर ती पर्मनंटही झाली. मला खूप बरं वाटलं. हे सुख जरा महागात पडलं, कारण स्टिकरं आता तिच्या ड्रॉवरमध्ये असतात, कुलपात. सहीआधी आता मलाही पेटी मोजावी लागते, आणि माझ्या मोजणीचा कागद पाहून ती एकच काढून देते. काल मी दुसरं मागितलं.

“मॅडम, दुसरी पेटी मोजलीत?”

नव्हती मोजली. मी गेज उचललं.