विमानतळाच्या भिंतीवरची बायको

सेलूत मला नावानं कोणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे 'पेंटर' म्हणतात. एके काळी बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला आणि माझ्याकडं शाळांच्या भिंती, दवाखान्याच्या भिंती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तेवढ्या उरल्या.

त्यातही माझी एक अडचण साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. मला बाईचा चेहरा एकच यायचा. शाळेच्या भिंतीवर पुस्तक वाचणारी मुलगी, दवाखान्याच्या भिंतीवर बाळाला डोस पाजणारी आई आणि बांगड्यांच्या दुकानावरची नवरी, तिघी सख्ख्या बहिणी वाटायच्या. एकदा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "पेंटर, ही बाई शाळेतून इकडं कधी बदलून आली?"

अशा माणसाला विमानतळाचं काम मिळालं, ते कसं ते सांगतो.

आमच्या जिल्ह्यात विमान फक्त डोक्यावरून जातं. उतरतं ते शेजारच्या मोठ्या शहरात. तिथलं टर्मिनल लहान पडत होतं म्हणून ते वाढवायला काढलं. नवा हॉल, सगळीकडं काच, सामान फिरवणारे पट्टे, आणि हॉलमध्ये एक लांबच लांब भिंत. त्या भिंतीवर 'आपल्या मातीतलं चित्र' पाहिजे असं वरून ठरलं. काम बघणाऱ्या आर्किटेक्ट मॅडम पुण्याच्या. त्या एकदा देवगाव फाट्यावर चहाला थांबल्या, तिथून जवळच्या शाळेची भिंत त्यांनी पाहिली आणि भिंतीवरच्याच नंबरवर फोन लावला. चित्राखाली मोबाईल नंबर टाकायची माझी जुनी सवय.

"हे बघा," मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "कापसाचं रान काढा. बैल काढा, माणसं काढा. दोन गोष्टी मात्र नकोत. खाली मोबाईल नंबर नको. आणि ती शाळेतली बाई नको. चेहरे खरे पाहिजेत, इथले."

घरी येऊन मी बायकोला ओसरीवर बसवलं. पुढं कापूस वेचणारी मोठी बाई काढायची होती, आणि फुकट बसणारं दुसरं कोण होतं? शिवाय तिचे वडील जिनिंगात कामाला होते, तिचं बालपण कापसात लोळून गेलेलं. ओटीत कापूस कसा धरायचा हे तिला शिकवावं लागणार नव्हतं.

"हलू नकोस."

"भाकर करपायली तिकडं."

"करपू दे. विमानतळावर लागायलीस तू."

"अगं बाई! मग थांबा की जरा, चांगलं लुगडं नेसून येते."

"कापूस वेचायला चांगलं लुगडं कोण नेसतं?"

"आन् विमानतळावर फाटकं कोण नेसतं?"

ती हिरवं लुगडं नेसून आली. मी कागदावर तिचा चेहरा उतरवत बसलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतका वेळ मी तिच्याकडं सलग कधी बघितलंच नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत एक तीळ आहे हे मला तेव्हा कळलं. ते मी कौतुकानं बोलून दाखवलं. "आज दिसला व्हय?" एवढंच ती म्हणाली, आणि भाजीत मीठ टाकायचं विसरली. विसरली असं आपलं मी म्हणतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत ती 'विमानतळवाली' झाली. बचत गटात सांगून झालं, पिठाच्या गिरणीत सांगून झालं, पाथरीला भावाला फोन झाला. "मला लावायलेत विमानतळावर. लय मोठी. माणसाएवढी."

मी कामावर रुजू झालो. भिंतीला पांढरा हात मारून तयार ठेवली होती. आणि बघतो तर काय, भिंतीच्या उजव्या अंगाला, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, कोणीतरी खडूनं झकास चौकोन आखून ठेवलेला. आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा. माझा जीव सुपाएवढा झाला. आमच्या धंद्यात फोटोवरून मोठा चेहरा काढायचा तर असंच करतात. फोटोवर चौकोन, त्यात दोन तिरप्या रेघा, तसाच मोठा चौकोन भिंतीवर, आणि रेघा जिथं एकमेकीला कापतात तिथं नाक. मला वाटलं, पुण्याच्या बाईला आपलं काम कळतं. मुख्य चेहऱ्याची जागासुद्धा आखून ठेवली.

त्या चौकोनात मी बायकोला बसवलं. काय बसली हो! रेघेला रेघ. नाक बरोबर मध्ये. खाली हिरवं लुगडं, कापसानं फुगलेली ओटी, आणि उजवा हात बोंडाकडं गेलेला. मनगटावर तव्याचा चटका बसल्याची खूण आहे, तीसुद्धा सोडली नाही. भुवईतला तीळ सगळ्यात शेवटी ठेवला, एका टिंबात. माझ्या उभ्या जन्मातला तो पहिला चेहरा, जो दुसऱ्या कोणाच्या बहिणीसारखा दिसत नव्हता.

चित्र पुरं झालं तेव्हा मॅडम आल्या. बराच वेळ चेहऱ्यापुढं उभ्या राहिल्या.

"सुंदर. कोण आहेत या?"

"आमच्या घरच्याच," मी मान खाली घालून म्हणालो. मान खाली घातली की कौतुक जास्त होतं असा माझा अनुभव.

मग मॅडमची नजर भिंतीवरून इकडून तिकडं फिरायला लागली. "अहो, इथं एक चौकोन आखला होता, तो कुठं गेला?"

"वापरला की."

"वापरला म्हणजे?"

म्हणजे काय ते मी बायकोच्या चेहऱ्याकडं बोट करून दाखवलं. मॅडम रंगाच्या डब्यावर मटकन बसल्या. तो चौकोन आग विझवायच्या पेटीचा होता. पाण्याची नळी गुंडाळून ठेवलेली लाल लोखंडी पेटी असते ना, ती. भिंतीमागून पाण्याचा पाइप तिथंच आणलेला. आमच्या धंद्यात दोन तिरप्या रेघा म्हणजे 'इथं काढा', आणि बांधकामवाल्यांच्यात म्हणजे 'इथं हात लावू नका'.

मी हातापाया पडलो. "पेटी हातभर सरकवा." पाइप सरकत नाही, बांधकामवाले म्हणाले. "बाईला सरकवा," मॅडम म्हणाल्या. पण शेजारी बैल होते. बैलावर रंग मारून तिथं बायको उभी केली, हे पुढंमागं तिच्या कानावर गेलं असतं तर माझं काय झालं असतं?

दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन एकजण आला. मी शेजारीच उभा होतो. पहिलं भोक पडलं ते बरोबर डाव्या भुवईतल्या तिळात.

घरी गेलो. "झालं का चित्र?" "झालं." "मी कशी दिसायले?" आता सांगायचं, असं ठरवूनच मी आलो होतो. पण तिनं चुलीपुढून असं तोंड वर करून विचारलं, की माझ्या तोंडातून भलतंच निघालं.

"लालभडक उठून दिसायलीस."

तेवढं तरी खोटं नव्हतं.

टर्मिनल सुरू झालं आणि पंधरवड्याच्या आत मेहुणे पाथरीहून जीप घेऊन दारात हजर. ताईला भिंतीवर बघायचं म्हणून भावजय, पोरं, डब्यात धपाटे, सगळी जय्यत तयारी. साऱ्या वाटेत मी एक शब्द बोललो नाही. मेहुणे म्हणाले, "दाजी भावनेनं गप बसलेत." दारावर बंदुकवाला जवान उभा. "टिकट?" तिकीट कोणाकडंच नव्हतं. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवायला मी लय मोठ्यानं भांडलो. "ज्या माणसानं भिंत रंगवली त्यालाच आत सोडत न्हाई? हा काय इन्साफ झाला?" मेहुण्यांनाच मला आवरावं लागलं.

बायकोनं काचेला तळहात लावून आत बघायचा प्रयत्न केला. नवी काच अशी, की बाहेरून बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. ती हसून म्हणाली, "दिसायले की मी. पर ही भिंतीवरची न्हाई."

तेव्हा खरं तर मला लाज वाटली. पण धपाटे खाल्ल्यावर ती कमी झाली.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. आम्हाला कोण देतंय विमानाचं तिकीट? पण मी आमच्या पोरीला हिशेबात धरलं नव्हतं. ती बंगळुरूला नोकरीला आहे. आईनं तिला काचेची हकिकत सांगितली, आणि पोरीनं दोघांची तिकिटं मोबाईलवर पाठवून दिली. "आईला तिचं चित्र बघू द्या, मग तसंच इकडं या."

निघायच्या दिवसापर्यंत मी तीन वेळा आजारी पडून बघितलं. बायकोनं तिन्ही वेळा काढा पाजला आणि चौथ्यांदा बॅग भरली. हिरवं लुगडं नेसली. चित्राशी जुळलं पाहिजे म्हणे.

तपासणीतून आम्ही आत आलो. माझा पट्टा काढून घेतला होता, तो परत घालायला मी मुद्दाम वेळ लावत होतो. पुढं सगळी चकचकीत फरशी, वर उजेडच उजेड, आणि समोर माझी भिंत. ती झपाझपा पुढं गेली. मी मागं राहिलो. माणसानं अशा वेळी पँट सावरत राहावं.

ती उभी राहिली. समोर कापसाचं रान, बैल, हिरवं लुगडं, भरलेली ओटी, बोंडाकडं गेलेला हात. आणि मानेच्या वर लाल लोखंडी पेटी.

तिनं हाताजवळ वाकून बघितलं. "ही चटक्याची खूण. हात माझा हाय."

"हाय."

"मग तोंड कुठंय?"

मी सगळं सांगितलं. चौकोन, तिरप्या रेघा, पाइप, बैल. ती ऐकत होती आणि पेटीकडं बघत होती. माझ्याकडं बघत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

"म्हंजे मी हाय आत?"

"हायस. पेटीच्या मागं अख्खी हायस. तीळ तेवढा गेला."

"जीप घिऊन आलो त्या दिशी तुमाला ठावं होतं?"

"व्हतं."

"म्हणून त्या जवानासंगं एवढं भांडलाव!"

आता ती रडते की काय असं वाटलं, आणि तिचा खांदा हलायला लागला. ती हसत होती. तोंडाला पदर लावून, लोक बघायला लागले तरी हसत होती.

"बरं झालं एका परीनं," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या आबांच्या जिनिंगात गंजीशेजारी लाल बादल्या टांगलेल्या असायच्या वाळूच्या. एवढा कापूस काढलाव तुमी, मग आगीचा डबा नको व्हय शेजारी?" मग पेटीवर बोटानं टकटक करून म्हणाली, "शेजारी म्हणलं मी. तोंडावर न्हाई."

आणि तिनं जे केलं ते मला आधी कसं सुचलं नाही, देव जाणे. ती गेली आणि पेटीपुढं पाठ करून उभी राहिली. उंची बरोबर जुळली. खालचं चित्रातलं लुगडं तिच्या लुगड्याआड गेलं, उजव्या बाजूनं चित्रातला हात बोंडाकडं निघालेला, आणि वर तिचं स्वतःचं तोंड, तिळासकट. बाई भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसत होती. "काढा फोटो," ती म्हणाली. "पोरीला धाडायचा, पाथरीला भावाला धाडायचा, गटात टाकायचा."

मी मोबाईल काढला. तेवढ्यात एक जवान धावत आला. "माताजी, इधर खडे मत रहिये. आग का डब्बा है."

"मैं कहाँ खडी, भैया?" ती जागची हलली नाही. "ये डब्बाच मेरे मुँह पे खडा है!"

त्याला काही कळेना. मी घाईघाईनं बटण दाबलं आणि त्याला चित्र, लुगडं, हात सगळं दाखवून समजावलं. तो पेटीकडं बघे, तिच्याकडं बघे, आणि मग तोही हसला. पण तिथून हलवलंच त्यानं. विमानाची वेळही झाली होती.

विमानात बसल्यावर तिनं खिडकी सोडून आधी फोटो मागितला. मी मोबाईल दिला. तिनं बघितलं आणि तो मला परत दिला. फोटोत मी होतो. घाईत पुढचा कॅमेरा चालू राहिला होता. तोंड उघडं, डोळे तारवटलेले, आणि कपाळावर घाम. एका कोपऱ्यात छताचा दिवा तेवढा छान आला होता.

"असू द्या," ती म्हणाली. "येताना काढू."

येताना कळलं की नव्या टर्मिनलमध्ये उतरणाऱ्यांची वाट निराळी केली आहे. पट्ट्यावरून सामान घ्यायचं की सरळ बाहेर. आमच्या भिंतीकडं फक्त जाणारा माणूस जातो.

मी बिचकत तिच्याकडं बघितलं. तिला वाईट वाटल्याचं मला कुठंच दिसलं नाही. उलट बॅग माझ्या हातात देत ती खुशीत म्हणाली, "म्हंजे आता परत जावं लागंल."

तेव्हापासून ती दर आठवड्याला पोरीला फोनवर विचारते, "बाई, तुझ्याकडं एखादं काम निघायलंय का? लोणचं संपलं असंल की गं तुझं." लोणचं संपलंय, असं पोरीनं परवा कबूल केलं. हिरवं लुगडं धुऊन, घडी घालून वर ठेवलंय. मला रोज सकाळी दारातल्या पाण्याच्या टाकीपुढं तिला उभी करून फोटो काढायची प्रॅक्टिस करावी लागते. कालच्या फोटोत ती आली. डोकं तेवढं आलं नाही.