गुणगुण

माझा मित्र सुधीर म्हणाला, “भिंतीकडे तोंड करून बस.” मग त्याने गिटारवर एकच सुरावट दोनदा वाजवली. एकदा माझ्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अँपवर, म्हणजे अँप्लिफायरवर, एकदा त्याची नक्कल करणाऱ्या नव्या डिजिटल डब्यावर.

“खरा कुठला?”

“दुसरा!” सुरामागे माझ्या अँपची ती ओळखीची गुणगुण होती, जिला मी वीस वर्षं शिव्या घातल्या.

सुधीर हसला. “तो डबा. गुणगुणसुद्धा भरलीय त्यात. तुझ्या अँपची तूच नाही का परवा दुरुस्तीत घालवलीस?”

तेव्हापासून चैन नाही. रोज अँप लावतो, व्हॉल्व्ह लालसर होईपर्यंत थांबतो, वर तळहात ठेवतो. ऊब लागते. हाच खरा, तळहात सांगतो. पण गिटार काही मी तळहाताने ऐकत नाही.