अलंकार नसलेली ओळ

मुलं त्यांना अलंकारबाई म्हणत. दागिन्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. कानात दोन बारीक मणी, बस्स. वरच्या वर्गांना त्या भाषा शिकवायच्या. अलंकारांचा जो भाग बाकीचे शिक्षक पाठांतरावर सोडून मोकळे होतात, तो त्या असा रंगवायच्या की शेजारच्या खोलीत मी गणित शिकवत असताना माझी मुलं भिंतीला कान लावून बसत.

व्याख्या त्या आधी सांगतच नसत. उशिरा आलेल्या मुलाला दारातच अडवायच्या. "का रे उशीर?"

"बाई, पाय दुखत होते."

"असं कोरडं नको सांगूस. पाय दगडासारखे झाले म्हण, ती उपमा. पाय जणू दगडच म्हण, ती उत्प्रेक्षा. आणि हे पायांचे दगड उचलवत नाहीत म्हणालास, तर 'सारखा' गेला, 'जणू' गेला, दोन वस्तूंची एकच झाली. ते रूपक. बस आता. आणि उशीर तो उशीरच, त्याला अलंकार नाही."

मुख्याध्यापिकांनी कौतुक केलं की शिक्षकांच्या खोलीत येऊन आम्हाला विचारायच्या, "ही स्तुती होती का व्याजस्तुती, तुम्हाला काय वाटतं?" आम्ही हसून लोळायचो.

त्यांचे यजमान कवी होते. कचेरीत नोकरी करायचे, पण गाव त्यांना कविराज म्हणे, आणि त्यांना ते आवडे. बाईंचं बोलणं मुळातच तसं, येताजाता काहीतरी नेमकं सुचायचं. कपड्यांच्या घड्या करताना म्हणायच्या, "हा शर्ट तुमच्यापेक्षा जास्त थकलाय." महिन्याभरात तो शर्ट कविराजांच्या कवितेत यायचा. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. "आपलं बोलणं छापून येतंय म्हणून मी तर लाजायचे," असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली, आणि गेली. एक रात्रसुद्धा नीट जगली नाही. पुढचं बाईंनी मला एकदाच सांगितलं. त्या दवाखान्यातच होत्या आणि त्यांना दूध आलं. झगा भिजला. नर्सने छातीवर घट्ट पट्टी बांधली आणि निघून गेली. कविराज खाटेजवळ स्टुलावर बसले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "दुधाला अजून कुणी सांगितलं नाही."

कविराज उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. कितीतरी वेळ. खांदे हलत नव्हते, पण बाईंना वाटलं, रडताहेत. आपल्याला दिसू नये म्हणून तिकडे तोंड केलंय. नंतर कधी त्यांनी मुलीचा विषय काढला नाही, तिच्यासाठी आणलेलं टोपडं कुठे ठेवलंय ते विचारलं नाही. बाईंनी ते सगळं पोटात घातलं. माणूस बोलत नसला तरी त्या दिवशी खिडकीशी तो माझ्याबरोबर रडला होता, एवढ्यावर त्या त्याला धरून राहिल्या.

कविता पुढे मासिकात आली. शेवटची ओळ तीच, बाईंची, शब्दही न बदलता. लोकांनी वाचली, हळहळले, कविराजांचं नाव झालं.  दुःख दोघांचं होतं, एकाने लिहिलं, असं बाईंनी मनाशी धरलं.

मग पाठ्यपुस्तक बदललं आणि ती कविता दहावीला लागली.

बाईंनी ती शिकवायचं टाळून पाहिलं. पूर्वपरीक्षा जवळ आल्यावर टाळता येईना. वर्गात कविता मोठ्याने वाचून दाखवली, अवघड शब्दांचे अर्थ सांगितले. खाली स्वाध्यायात प्रश्न होता: शेवटच्या ओळीतील अलंकार ओळखा. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी हुशार. ती उठून म्हणाली, "बाई, चेतनगुणोक्ती. दूध निर्जीव आहे, त्याला काही सांगता येत नाही. तुम्ही नाही का म्हणाला होतात, घंटा रुसली, वाजायला तयार नाही, तसंच."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाही. यात अलंकार नाही. हे जसं आहे तसं सांगितलंय."

मुलांनी तेच लिहून घेतलं आणि पूर्वपरीक्षेत तेच लिहिलं. पेपर तपासायला दुसऱ्या शाळेत गेले होते. अख्ख्या वर्गाचे त्या प्रश्नाचे गुण गेले. पालक शाळेत आले. एक वडील मुख्याध्यापिकांच्या टेबलावर पुस्तक आपटून म्हणाले, "कवीच्या घरात राहतात आणि साधी चेतनगुणोक्ती कळत नाही?"

मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं. "कारण तरी सांगा." बाई म्हणाल्या, "चूक झाली." दुसऱ्या दिवशी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, अलंकार: चेतनगुणोक्ती, आणि मुलांकडून उतरवून घेतलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण पालकांचं समाधान व्हावं म्हणून मुख्याध्यापिकांना एक कल्पना सुचली: खुद्द कवींनाच बोलवू.

कविराज आले. सभागृह भरलं होतं. गुच्छ झाला, टाळ्या झाल्या. बाई पहिल्या रांगेत, मी शेजारी. बोलण्याची कविराजांना हातोटी होती, मुलं रमून ऐकत होती. शेवटी चष्मेवाली उभी राहिली. "सर, त्या ओळीत अलंकार आहे की नाही? बाई आधी नाही म्हणाल्या होत्या."

कविराज हसले. "आहे की, बाळ. चेतनगुणोक्ती. तुमच्या बाईंना तो दिसला नाही, कारण त्या कवितेच्या फार जवळ होत्या." सभागृहही हसलं. त्यांना हुरूप आला. "कविता कशी होते, एक गंमत सांगतो. ही ओळ मला दवाखान्यात मिळाली. लिहायला जवळ कागद नव्हता. विसरलो तर? मी सरळ खिडकीशी गेलो, पाठ फिरवली, आणि तोंडपाठ होईपर्यंत ती ओळ मनात घोकत उभा राहिलो. बाहेर काय होतं ते आजही सांगता येणार नाही. कवीला असं निष्ठुर व्हावं लागतं."

टाळ्या पडल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्याही टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांचे हात एकमेकांवर आपटत राहिले, तेव्हा मी ते धरून मांडीवर ठेवले.

घरी जाताना रस्त्यात काय झालं, ते बाईंनी मला नंतर सांगितलं. कविराजांनी विचारलं, "कसं झालं भाषण?"

"अहो, तुम्ही खिडकीशी रडत होतात असं मला वाटायचं," बाई म्हणाल्या.

"असेन रडलो. आता आठवत नाही."

"ओळ तेवढी आठवली."

"अगं, ओळ राहिली म्हणून तर ती राहिली ना? नाहीतर कुणाला ठाऊक असती आपली मुलगी?"

"ओळ माझी होती."

कविराज थांबले. चिडले नव्हते, वर्गात समजवावं तसं समजावून म्हणाले, "तू नुसतं बोललीस. त्याची कविता मी केली."

बाई पुढे चालू लागल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी वरचे वर्ग सोडले आणि पहिली मागून घेतली. मुख्याध्यापिकांनी हसत हसत दिली. तिथे काना, मात्रा, वेलांटी, एवढंच. माझ्या शेजारची खोली शांत झाली. भाषेला नवे गुरुजी आले, ते व्याख्या पाठ करून घेत.

बाईंनी घर सोडलं नाही. भांडल्याही नाहीत. धाकटी बहीण सारखी मागे लागायची, "ताई, माझ्याकडे ये राहायला." बाई म्हणायच्या, "कशाला? इथे काय कमी आहे?" फक्त त्यांचं कविराजांशी बोलणं बदललं. मीठ संपलंय. किल्ली खिळ्याला आहे. गोळी घेतलीत का. यापलीकडे एक शब्द जास्त नाही, आणि जो असेल तो अगदी सपाट.

कविराजांना ते कळायला वेळ लागला. आधी त्यांना वाटलं, वय झालं. मग कविता परत यायला लागल्या. एका संपादकाने स्पष्टच सांगितलं, पूर्वीची धार राहिली नाही. मग ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. "काहीतरी बोल ना," म्हणायचे. "आज शाळेत काय झालं?"

"शाळा झाली," बाई सांगायच्या.

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. बहीणही आली होती. पहिलीतल्या एका कार्ट्याला 'क' काही केल्या उभा करता येत नव्हता, त्याची गोष्ट बाई सांगत होत्या. "त्याचा क इतका आळशी, की..." एवढ्यात कविराज आतल्या खोलीतून आले. घाईने आले होते, चष्मा हातातच होता. खुर्ची ओढून आमच्यात बसले.

"की काय?" त्यांनी विचारलं.

बाई उठल्या. "काही नाही. चहा ठेवते," म्हणाल्या, आणि आत गेल्या.