कागदावर नाही ते

आमच्या कर्नलसाहेबांना कुठलीही बातमी दिली, की ते आधी विचारत, "हे अजून कुणाला सांगितलंस?" बातमी खरी की खोटी, ते नंतर. साहेब पिंगळीचे, मी पूर्णेचा. पलटणीत सगळ्यांशी हिंदी बोलणारे साहेब माझ्याशी मात्र गावाकडचंच बोलत.

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आधीची ती शेवटची वर्षं. गोदावरीला पूर आला आणि मदतीला आमची तुकडी नेमकी आमच्याच जिल्ह्यात आली. मुक्काम गंगाखेडजवळच्या एका शाळेत. बिनतारी यंत्रं माझ्याकडे होती, आणि सोबत नवा कोरा कॉम्प्युटर. आलेला प्रत्येक निरोप त्यात भरायचा. मग ज्याचं काम, त्याला त्याचा छापील कागद मिळायचा. साहेबांना त्याचं भारी कौतुक. वेळ मिळाला की एका बोटाने टाईप करत बसत. "लय गुणाचं हाय रे हे. काही इसरत न्हाई."

पण अधिकाऱ्यांच्या रोजच्या बैठकीतलं बोलणं आटलं. काही विचारलं, की एकच उत्तर, "कागदावर आहे, सर." एका संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना कागद पालथे ठेवायला लावले. म्हणाले, "आता कागदावर नाही ते सांगा."

डॉक्टर म्हणाले, पलीकडच्या वस्तीवर एका बाईचे दिवस भरलेत, सकाळच्या ट्रकने तिला आणू. रस्ते पाहणारा कॅप्टन एकदम ताठ बसला. तो रस्ता दुपारीच वाहून गेला होता. त्याने ते कॉम्प्युटरवर भरलंही होतं. पण डॉक्टरांना मिळणारा कागद वेगळा. साहेब उठले, होडी काढायला सांगून स्वतः पाण्यापर्यंत गेले. अंधार पडायच्या आत बाई शाळेत पोचली. तिथेच तिला मुलगी झाली.

साहेब कुणावर रागावले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "मशीनला समद्यांनी सांगितलं. एकमेकाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं." दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे कागद एकाच भिंतीवर लागू लागले आणि बैठक त्या भिंतीसमोर, उभ्यानेच होऊ लागली. कॉम्प्युटर साहेबांनी काढला नाही. उलट तो त्याच खोलीत आणून ठेवला.

निवृत्त होऊन ते पिंगळीला गेले, आणि फार दिवस लाभले नाहीत. ते गेल्यावर मी घरी भेटायला गेलो, तेव्हा काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणाल्या, "साल झालं, पोटात दुखायलं होतं त्यांच्या. डॉक्टर काय म्हणले ते मला बी न्हाई बोलले."

मग मी त्यांना पुराचे ते दिवस सांगितले. घरात कुणालाच त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ऐकून झाल्यावर काकूंनी मला घरातले साहेब सांगायला सुरुवात केली.